शबे-बरातच्या यादीत नसलेले नाव

आमच्या घरी शबे-बरातच्या रात्री मरहूमांच्या नावाने फातेहा होतो. आजोबा हयात होते तोपर्यंत नावे तेच घेत. पणजीचे नाव, तिच्या आईबापांची नावे, तान्हेपणी गेलेल्या दोन मुलांची नावे, अशी ती यादी लहानपणी ऐकून ऐकून आम्हाला पाठ झाली होती. एक नाव मात्र तीत कधीच येत नसे. ते आमच्या पणजोबांचे, म्हणजे आजोबांच्या सख्ख्या वडिलांचे. एकदा धीर करून विचारले तेव्हा आजोबा म्हणाले, "मेल्याची खबर आल्याशिवाय मेलेल्यांत नाव कसं घ्यायचं?"

ती खबर आमच्या घरी कधी आली नाही. पणजोबा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, पावसाळा संपता संपता मुंबईला जाऊन बोटीवर चढले. आजोबा तेव्हा आठ वर्षांचे होते. त्यानंतरची सारी हकीकत आमच्या कोकणी बोलीत चार शब्दांत सांगितली जाई, "गेलो तो आयलो नाय."

(पणजोबांचे नाव आणि गावाचे नाव येथे मुद्दाम लिहीत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांची तशी इच्छा आहे. दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावची ही गोष्ट आहे, एवढे पुरे.)

गावाने मात्र या चार शब्दांवर आपली एक कहाणी रचली होती. तो केपला उतरला, तिथेच राहिला, दुसरे घर केले. ही कहाणी निव्वळ कुचाळकी नव्हती, म्हणूनच ती टिकली. रत्नागिरी आणि त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातले कोकणी मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दक्षिण आफ्रिकेत, विशेषतः केपटाऊनला जात होते. तिथे त्यांची वस्ती झाली, मशिदी झाल्या. काहींचे एक बिऱ्हाड इथे आणि एक तिथे, असाही संसार चालत असे. तेव्हा बोटीवरचा माणूस परतला नाही की "केप" हे उत्तर तयारच असायचे.

याचा भार पणजीने उचलला. नवरा मेला असता तर ती बेवा झाली असती, इद्दतीत बसली असती, घरात आणि जमातीत तिचा काही दर्जा ठरला असता. तसे काहीच झाले नाही. १९७९ साली ती वारली तेव्हा तिच्या गळ्यात काळी पोत आणि हातात बांगड्या होत्या. सदतीस वर्षे ती सुहागन राहिली, आणि सदतीस वर्षे दीर-जावांकडून "टाकलेली" हा शब्द ऐकत राहिली. १९३९ च्या कायद्याने मुसलमान स्त्रीला, नवऱ्याचा चार वर्षे ठावठिकाणा नसेल तर कोर्टातून निकाह फस्ख करून घेण्याचा हक्क मिळाला होता. कोणी शहाण्या माणसाने तिला तसे सुचवलेही होते. ती म्हणाली म्हणे, "फारकत मागायला तो काय माझ्याशी भांडून गेलाय?" फिकहमध्ये अशा बेपत्ता माणसाला 'मफकूद' म्हणतात. शब्द आम्ही पुढे मदरशात शिकलो. त्याचा अर्थ घरात आधीच पाहिला होता.

कोकणातल्या ज्या घरांत बोटीवर जाणारे होते त्यांना पुढील शब्द नवे नाहीत. सारंग, टिंडेल, सुखाणी, कसब, भंडारी, टोपास. इंग्रजांच्या कंपन्या आपल्या बोटींवर डेकवरच्या कामासाठी रत्नागिरीकडचे मुसलमान खलाशी भरत. इंजिनाच्या पोटातल्या भट्टीवर पंजाबी, पठाण आणि सिल्हेटचे लोक असत, आणि साहेबांच्या जेवणघरात गोव्याचे ख्रिस्ती. या सर्वांना मिळून इंग्रज 'लास्कर' म्हणत. हा शब्द आपल्या 'लश्कर'चाच मोडका अवतार आहे, आणि सारंग हा फारसीतला 'सरहंग', म्हणजे सरदार. आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांना हे सांगितले की ती ताठ बसतात. पगार मात्र लश्करी नव्हता आणि सरदारीही नव्हती. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा हिंदी खलाशाचा पगार गोऱ्या खलाशाच्या चौथाईच्या आसपास होता. १९३९ च्या शरद ऋतूत लंडन, ग्लासगो आणि दक्षिण आफ्रिकेतल्या बंदरांत हिंदी खलाशांनी पगारवाढीसाठी काम थांबवले. शेकडो जण विलायतेच्या तुरुंगात गेले. अखेरीस पगार वाढला आणि युद्धभत्ताही मिळाला. गोद्यांमधल्या मजूर चळवळीबद्दल पुष्कळ लिहिले जाते, या संपाबद्दल आमच्या पाठ्यपुस्तकांत एक ओळही नाही.

खलाशाची सारी मिळकत म्हणजे त्याची 'नल्ली'. चाकरीचे दाखले पूर्वी पत्र्याच्या नळीत घालून ठेवत. पुढे दाखल्यांचे पुस्तक झाले, तरी नाव नल्लीच राहिले. पणजोबांची नल्ली अर्थातच त्यांच्याबरोबर गेली. घरी राहिली ती एक पत्र्याची ट्रंक, एक मफलर आणि बोटीचे नाव. तेही कागदावर नव्हे, पणजीच्या तोंडी होते. "शिटी कंपनीची केरोची बोट." आजोबांनीही ते तसेच जपले. आम्ही लहानपणी समजत होतो की केरो हे कुणा कप्तानाचे नाव असावे.

शिक्षक झाल्यावर, २०१७ साली, इतिहासाच्या तासाला आम्ही सातवीच्या मुलांना एक काम दिले. घरी जाऊन विचारायचे की आपल्या घराण्यातले कोणी पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात होते का, आणि वहीत लिहून आणायचे. छत्तीस मुलांपैकी अकरा जणांनी काहीतरी आणले. आम्हाला दोन-तीनची अपेक्षा होती. त्या अकरांत दहा बोटीवरचे. फळ्यावर बोटींची नावे लिहिताना आम्ही आमच्या पणजोबांच्या बोटीचेही नाव लिहिले, 'केरो'. मागच्या बाकावर एक मुलगा होता, चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकून आमच्याकडे आलेला. तो म्हणाला, "सर, कैरो असेल. नकाशात आहे, मिसरमध्ये."

वाचकहो, आम्ही भूगोलही शिकवतो. मिसरची राजधानी आम्ही दर वर्षी फळ्यावर लिहितो. पण उर्दूत तिचे नाव काहिरा आहे, आणि आयुष्यभर आम्ही तिला काहिराच म्हणत आलो. इंग्रजी नाव माहीत नव्हते असे नाही. पण एक नाव डोक्याच्या एका कप्प्यात आणि दुसरे घरच्या ट्रंकेत, असे पडून होते. 'शिटी' म्हणजे सिटी. एलरमन या कंपनीच्या सिटी लाइनच्या बोटींना शहरांची नावे असत. सिटी ऑफ बेनारेस ही त्यांतलीच, १७ सप्टेंबर १९४० ला बुडालेली, जिच्यात विलायतेहून कॅनडाला निघालेली ७७ मुले गेली. त्या बोटीवरही हिंदी खलाशी होते. आमची बोट सिटी ऑफ कैरो होती.

त्यानंतरचे काम कठीण नव्हते, किचकट होते. युद्धात मेलेल्यांच्या नोंदी ठेवणारा आयोग, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, १९१७ पासून अस्तित्वात आहे. त्याच्या संगणकावरच्या यादीत नाव, हुद्दा, बोट किंवा पलटण यांवरून शोध घेता येतो. अडचण आहे ती आपल्या नावांची. बंदरातल्या कारकुनाने नाव लिहिले ते खलाशाचे आणि त्याच्या बापाचे. आडनाव क्वचितच. इब्राहिम, हुसेन, युसुफ ही नावे इंग्रजीत चार-पाच तऱ्हांनी लिहिता येतात. गावांचेही तेच. दाभोळचे दाबुल होते, आणि बाणकोटला तर इंग्रज किल्ल्यावरून फोर्ट व्हिक्टोरिया म्हणत. म्हणून ज्यांना आपले माणूस शोधायचे आहे त्यांनी नावावरून सुरुवात करू नये. बोटीवरून करावी, मग जिल्ह्यावरून, मग बापाच्या नावावरून, आणि स्वतःच्या नावाचा आग्रह सर्वांत शेवटी धरावा. आम्ही उलट्या क्रमाने गेलो आणि तीन आठवडे फुकट घालवले.

बोटीवरून गेलो तेव्हा एका संध्याकाळी ती नोंद सापडली. नावातली दोन अक्षरे इकडची तिकडे होती. वय चौतीसऐवजी चाळीस होते. पण बापाचे नाव जुळत होते, गाव जुळत होते, पुढे 'रत्नागिरी' होते. तारीख ६ नोव्हेंबर १९४२. आणि शेवटी "अमक्या बाईचा पती" असे लिहून त्या बाईचे नाव.

नोंद आम्ही आजोबांना वाचून दाखवली. ते तेव्हा ८३ वर्षांचे होते. दृष्टी गेली होती, कान शाबूत होते. बोटीचे नाव, तारीख, बापाचे नाव हे सारे त्यांनी मान हलवत ऐकले. बाईचे नाव इंग्रजीत विचित्र लिहिले होते, म्हणून आम्ही अडखळत वाचले. आजोबा म्हणाले, "पुन्हा वाच." पुन्हा वाचले. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावले. मग म्हणाले, "अम्मीचं नाव गावात कुणी घेत नव्हतं. तिला सगळे केपवाल्याची म्हणत." मुंबईच्या बंदरात, भरतीच्या मेजासमोर उभे राहून त्यांनी बायकोचे नाव सांगितले होते. ते कुणीतरी लिहून घेतले, आणि ते जगात एका जागी शाबूत राहिले होते.

ही बोट १ ऑक्टोबर १९४२ रोजी मुंबईहून निघाली. तारीख लक्षात घ्यावी. आमच्या पाठ्यपुस्तकात १९४२ म्हणजे गवालिया टँकचे मैदान आणि ८ ऑगस्टचा 'चले जाव'चा ठराव. 'क्विट इंडिया' हे शब्द सुचवणारे युसुफ मेहेरअली त्या वर्षी मुंबईचे महापौर होते. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत त्याच मुंबईतून आमचे पणजोबा इंग्रजांच्या बोटीवर दोर ओढायला गेले. मुले विचारतात, "सर, मग ते इंग्रजांच्या बाजूचे होते?" आम्ही सांगतो की ते मनीऑर्डरीच्या बाजूचे होते. उत्तर अर्धे आहे हे आम्हाला कळते, पण पुरे उत्तर आमच्यापाशी नाही.

बोटीत सुमारे सात हजार टन माल होता, आणि त्यात चांदीच्या रुपयांच्या २ हजार पेट्या. लढाईच्या खर्चासाठी ब्रिटिश सरकार हिंदुस्थानातून चांदी नेत होते. डरबन, मग केपटाऊन. १ नोव्हेंबरला सकाळी तिने केपटाऊन सोडले. तेव्हा आमचे पणजोबा केपला पोहोचले होते, इतपत गावाची कहाणी खरी होती. ते तिथून पुढेही निघाले, हे गावाला ठाऊक नव्हते. ब्राझीलकडे जाताना ६ नोव्हेंबरला रात्री साडेआठच्या सुमारास, सेंट हेलेना बेटाच्या दक्षिणेला सुमारे ४८० मैलांवर, यू-६८ या जर्मन पाणबुडीने तिच्यावर टॉर्पेडो मारला. माणसे लाइफबोटींत उतरल्यावर दुसरा मारला. बोट बुडाली. पाणबुडीचा कप्तान मेर्टेन याने लाइफबोटींजवळ येऊन जमिनीची दिशा सांगितली, तुम्हाला बुडवल्याबद्दल माफ करा म्हणून शुभरात्रीही म्हटले, आणि तो निघून गेला. विलायतेत हा प्रसंग सभ्यतेची आठवण म्हणून सांगतात. आम्हाला त्यात सभ्यता शोधणे जमले नाही.

बोटीवर ३११ माणसे होती. प्रत्यक्ष बुडताना थोडीच गेली. बाकीची सहा लाइफबोटींत होती, पाणी मोजून घोटभर. तेरा दिवसांनी, १९ नोव्हेंबरला, क्लॅन अल्पाइन नावाच्या बोटीने १५४ जणांना उचलले, त्याच दिवशी दुसऱ्या एका बोटीने आणखी एक लाइफबोट उचलली. उरलेल्या दोन लाइफबोटींपैकी एकीत सुरुवातीला ५४ माणसे होती. १२ डिसेंबरला एका जर्मन जहाजाला ती सापडली तेव्हा तीन उरली होती. शेवटची लाइफबोट ब्राझीलच्या आरमाराला २७ डिसेंबरला मिळाली. एक गोरा अधिकारी आणि एक गोरी बाई तेवढी जिवंत होती. एकूण १०४ माणसे गेली.

पणजोबा पहिल्या रात्री गेले की पाचव्या, की तिसाव्या दिवशी, हे यादी सांगत नाही. यादीत बोट बुडाल्याची तारीख आहे. आजोबांनी फक्त एवढे विचारले, "पाणी नव्हतं?" आम्ही म्हटले, थोडे होते. इतिहासाच्या शिक्षकाने जितके खरे बोलावे तितके आम्ही त्या वेळी बोललो नाही.

रुपयांचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. २०११ साली समुद्रतळ धुंडाळणाऱ्या एका कंपनीला बोटीचे अवशेष ५ हजार १५० मीटर खोल सापडले. इतक्या खोलीवरून तोवर कोणी खजिना काढला नव्हता. २०१३ पर्यंत त्यांनी कित्येक टन नाणी वर काढली, २०१५ मध्ये ते जाहीर केले. किंमत ३ कोटी ४० लाख पौंड सांगितली गेली. तिथे आम्ही आदराने आलो होतो अशा अर्थाची एक पाटीही ते तळाशी ठेवून आले. आजोबांना हे सांगितले तेव्हा ते पहिल्यांदा हसले. "आमच्याकडे मनीऑर्डर आली नाही ती यामुळे होय!"

त्याच वर्षी डिसेंबरात आम्ही आजोबांना मुंबईला मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये घेऊन गेलो. खलाशांना उतरायची ही जुनी जागा. पहिल्या महायुद्धात ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर मिळाली नाही अशा २ हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक इथेच आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या ६ हजारांहून अधिक खलाशांची नावे मोठ्या वहीत आहेत. त्या वहीची एक प्रत मुंबईला आणि एक चितगावला, कारण फाळणीनंतर माणसे तीन देशांची झाली. आजोबांना पान दिसणार नव्हते. त्यांनी बोट ठेवायला सांगितले आणि आम्ही त्यांचे बोट त्या ओळीवर ठेवले.

आमच्या शाळेतले एक सहशिक्षक घाटावरचे आहेत, सातारा जिल्ह्यातले. हे सारे ऐकून ते म्हणाले, आमच्याकडे बोट नाही, 'कुतल-अमारा' आहे. पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्या कंपन्या असत. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी जनरल टाउनशेंडबरोबर इराकात गेल्या आणि कुत येथे अडकल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा तो वेढा होता. घोडे कापून खायची पाळी आली. शेवटी सुमारे १३ हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली, आणि कैदेच्या वाटेवर हजारो मेली. समोरचा शत्रू खलिफाचा, आपण इंग्रजांचे, ही त्या मुसलमान शिपायांची कोंडी आपल्याकडे कुणी लिहिलेली आमच्या वाचनात नाही. आमच्या सहशिक्षकांच्या पणजोबांचे नाव बसऱ्याच्या स्मारकाच्या भिंतीवर नाही. तिथे गोऱ्यांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीपुढे नुसता आकडा टाकला. आयोगाने २०२१ साली आपल्याच जुन्या कारभाराची चौकशी करून हे कबूल केले. प्रामुख्याने पूर्व आफ्रिकी आणि मिसरी अशा किमान १ लाख १६ हजार माणसांची नावानिशी, किंवा मुळीच, आठवण ठेवली गेली नाही असा त्या अहवालाचा अंदाज आहे. त्या मानाने आमचे खलाशी नशीबवान, निदान एका वहीत आहेत.

मुंबईहून परतल्यावर आजोबांची इच्छा एकच होती, वडिलांची गायबाना नमाजे-जनाजा व्हावी. आपण कोकणी शाफई, आपल्यात ती जायज आहे. आम्ही मशिदीच्या इमामसाहेबांकडे गेलो. ते किताब काढून बराच वेळ बसले. मग हळू आवाजात म्हणाले, शाफई मसलकात ती त्यानेच पढावी जो मयताच्या इंतकालाच्या दिवशी आकिल-बालिग होता, ज्याच्यावर त्या दिवशी ती फर्ज होती. आजोबा त्या दिवशी आठ वर्षांचे होते. गावात त्यांच्याहून वडील असे दोनच पुरुष उरले होते, आणि त्यांतला एकही नोव्हेंबर १९४२ मध्ये बालिग नव्हता. पणजी असती तर तिला पढता आली असती. इमामसाहेब म्हणाले, दुआ करा, कुरआनख्वानी करा, सवाब पोहोचेल. आजोबांनी हुज्जत घातली नाही. पुढच्या शबे-बरातला त्यांनी यादी सुरू केली ती वडिलांच्या नावाने, आणि लगेच पुढे आईचे नाव घेतले. २०२१ साली ते गेले. आता यादी आम्ही म्हणतो, तिसरे नाव त्यांचे.

सातवीच्या मुलांची ती वही आमच्यापाशी आहे. दर वर्षी नवी मुले तीत भर घालतात. काही नोंदी जुळल्या, पुष्कळ जुळायच्या आहेत. यंदा एका मुलीने लिहून आणले आहे, "दादीचे अब्बा, सुखाणी, बोटीचे नाव शिटी, पुढचे दादीला आठवत नाही." तिच्या दादीकडे येत्या रविवारी जायचे ठरले आहे.